अक्का, तुमचं कोपर आणि त्यांचा नकाशा

निखिल, अदिती,

तुमचं पत्र मिळालं. निखिलने लिहिलं आहे, की मोठी आजी आता गेली, म्हणून तिला जे जे ठाऊक होतं ते मी आठवून लिहावं आणि लवकर पाठवावं. तो गावाची वेबसाइट करणार आहे. एकदा कंप्युटरवर गेलं, की काहीच हरवणार नाही, असं तो म्हणतो. पत्र वाचून मला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. का, ते या कागदांमधून कळेल.

पत्राला त्याच आठवड्यात उत्तर द्यायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. या वेळी उशीर झाला. येत्या सोमवारी मला गावी जाऊन एक काम करायचं आहे, आणि ते करण्याआधी अक्कांशी, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीशी, बोलणं भाग आहे. त्या आता समोर नाहीत, म्हणून लिहिते. पुढचं सगळं त्यांना उद्देशून आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका, अडेल तिथे आईकडून वाचून घ्या. गावाचं नाव यात नाही, आणि ज्या जागेविषयी लिहिते तिची खूणही नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

अक्का,

तुमचा दहावा करून मी भिंगारला परत आले. घर उघडलं तर मोरीतला नळ ठिबकत होता. तुम्ही इथे यायचात तेव्हा हाच नळ इतका आवळून ठेवायचात, की माझ्या मनगटाला तो उघडायचा नाही. दोनदा त्याचा वायसर तुटला. "तुज्या भिंगारचं पानी बोंबलत येतं आन् बोंबलत जातं," असं म्हणायचात. ग्लासात अर्धंच पाणी घ्यायचात. मी भरून दिलं, तर उरलेलं दोडक्याच्या वेलाला नेऊन घालायचात.

त्या वेलाजवळ एकदा अदितीला तुम्ही रागावला होतात. ती लहान होती, सुट्टीला आलेली. कोवळा दोडका दिसला म्हणून तिने बोट दाखवलं. तुम्ही तिचं बोट मुठीत धरलंत. "बोट दाखवलं की कुजतो. मुडपून दाखव, न्हाईतर कोपरानं दाखव." ती हसत सुटली आणि दिवसभर घरातल्या सगळ्या वस्तू कोपराने दाखवत फिरली. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यामागे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

माझं लग्न होऊन मी गावी आले तेव्हा नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेली होते. तुम्ही थोरल्या जाऊबाई. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या विमल नावाचं इमल केलंत, आणि चिडवायचं असलं की इंग्लिशबाई. पहिल्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. मी विचारलं, आता पाणी कुठून आणायचं? तुम्ही भाकरी थापता थापता कोपर उचललंत, ओढ्याच्या पलीकडे. मी घागर घेऊन गेले. पलीकडे तापलेले दगड आणि बाभळी. रिकामी घागर घेऊन परत आले तेव्हा ओसरीवर बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"काय गं, इंग्लिश शाळंत झिरा शिकवला न्हाई व्हय?" असं तुम्ही विचारलंत.

मी रडले. तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. हातात गरम भाकरी दिलीत आणि म्हणालात, "परक्याला पल्याड दाखवायचं, ही आपल्या गावाची रीत हाय. तू अजून परकी हायेस. एक टंचाई काढ आमच्यासंगं, मंग बघू."

ती टंचाई फार लांब नव्हती. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. एका सकाळी तुम्ही माझं मनगट धरलंत, चपला काढायला लावल्यात आणि मला अलीकडच्याच काठाने नेलंत. बोट नाही, कोपर नाही, शब्दही नाही. आपल्याच रानाच्या कडेला, डोंगराच्या पायाशी, बायकांनी मिळून एक धोंडा सरकवला. खाली हातभर खड्डा आणि त्यात झिरपून साठलेलं थंड, स्वच्छ पाणी. हाच झिरा. तुम्ही त्यात नारळाची करवंटी सोडलीत, तुम्ही तिला नरोटी म्हणायचात. ती तिरपी झाली, भरली आणि बुडाली. "नरोटी बुडती तंवर झिरा जित्ता," तुम्ही म्हणालात. माझ्या सासरच्या माणसांकडून मिळालेला तो पहिला दागिना, असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त तहान लागली होती.

मग एकेक नियम कळत गेले. चांगल्या सालात धोंडा हलवायचा नाही. दोर लावायचा नाही, बादली बुडवायची नाही, नरोटीनेच भरायचं. म्हणजे झिरा जेवढं देतो तेवढंच घेता येतं. तान्हं मूल असेल ते घर पहिलं. झिरा आपल्या रानात, म्हणून आपल्या घराचा नंबर शेवटचा. हा शेवटचा नियम मला फार अवघड गेला. बहात्तर साली विहिरींत खडखडाट होता, माझी पोरं ओठ चाटत बसली होती आणि तुम्ही उन्हात उभ्या राहून दुसऱ्यांच्या घागरी भरून देत होतात. मी म्हणाले, आपलीच जमीन ना? तुम्ही म्हणालात, "म्हनून तर."

हे सगळं बाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती तीन-चार वर्षांपूर्वी, त्या पुण्याच्या माणसांमुळे.

मी तेव्हा इथे भिंगारलाच होते, म्हणून ते मला तुमच्याच तोंडून कळलं. तुम्ही एसटीने आलात, पिशवीतून हुलगे काढलेत आणि पाणी प्यायच्या आधीच सांगायला लागलात. पुण्याहून एक मुलगी आणि तिचे सोबती गावोगाव फिरत होते. जुन्या माणसांना पाण्याचं जे ज्ञान आहे ते त्यांच्याबरोबर जाऊ नये, म्हणून ती मंडळी ते कंप्युटरवर उतरवून ठेवत होती. उपग्रहाने काढलेले फोटो त्यांच्याकडे होते. "पेटी उघडली की उजेड पडायचा," तुम्ही म्हणालात. "पोरगी गुणी. माज्या हातची भाकरी खाल्ली, आपलं ताट आपन घासलं. मला म्हनाली, आजी, तुमचं नाव ऱ्हाईल."

"मग काय सांगितलंत?"

तुम्ही कोपर उचललंत. पलीकडे.

मी कपाळाला हात लावला. "अक्का, ती काही झिरा प्यायला आली नव्हती! ते कायमचं लिहिलं जातं. खोटं लिहिलं तर खोटंच राहतं."

"ऱ्हाऊ दे की. खोट्यानं कुनाचा झिरा आटतो?"

आपला वाद तिथे सुरू झाला, आणि तो संपायच्या आधी तुम्ही गेलात. माझं म्हणणं होतं, की जे कागदावर नाही ते या जगात टिकत नाही. शाळेत मी जन्मभर मुलांना तेच शिकवलं. तुमचं म्हणणं होतं, की जे सगळ्यांना दिसतं ते कुणाचंच राहत नाही. मी उदाहरणं देत राहिले. तुम्हाला मात्र एकच उदाहरण पुरलं, आणि तेही लवकरच मिळालं. खालच्या वाडीच्या लोकांनी त्या मुलीला खरी जागा दाखवली होती. नकाशा छापला गेला. मग बोअरच्या गाड्या आल्या, आणि पुढे बसलेल्या माणसाच्या हातात तोच नकाशा होता. निळा ठिपका जिथे, तिथेच आसपास भोकं पाडली. पहिल्या वर्षी वाडीत फटाके वाजले. त्यानंतर वाडीचा झरा गेला, बोअरही गेले, आणि आता तिथे टँकर येतो.

तुम्ही मला फक्त एवढंच म्हणालात, "आता बोल, इंग्लिशबाई."

 पण अक्का, मला पटलं नव्हतं. माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. ज्या नकाशात आपला झिरा पलीकडे आहे, त्या नकाशात अलीकडे काय आहे? काहीच नाही. मोकळी जागा. आणि मोकळ्या जागेची मला भीती वाटते.

ती भीती मागच्या दिवाळीनंतर आली, ट्रकमध्ये बसून. झिऱ्याच्या वरचा डोंगर सरकारी. तिथे खडीच्या क्रशरला परवानगी मिळाली. कुणीतरी नगरचा ठेकेदार. पाण्याच्या जागेजवळ सुरुंग लावता येत नाहीत, पण सरकारने त्या पुण्याच्या मुलीचाच नकाशा घेतला होता, आणि त्याप्रमाणे तिथे पाणीच नव्हतं. तुम्ही निरोप धाडलात, "इमलला म्हनावं, नीट नेसून ये. हापिसात जायचंय."

तालुक्याच्या त्या कचेरीत आपण दोघी बाकावर बसलो होतो ते मला फार स्वच्छ आठवतं. तुम्ही नवी नऊवारी नेसला होतात आणि पाय वर घेऊन बसला होतात. साहेब तरुण होते, चांगले होते. भिंतीवर रंगीत नकाशा. त्यांनी पट्टीने निळा ठिपका दाखवला.

"आजी, हा बघा तुमचा झरा. ओढ्याच्या पलीकडे. क्रशर अलीकडे. काही धोका नाही."

"त्यो ठिपका खोटाय."

"कंप्युटर खोटं बोलत नाही, आजी."

"कंप्युटर कशाला बोलंल? मी बोलले."

सगळी कचेरी हसली. शिपाई हसला, साहेब हसले, तुम्हीसुद्धा तोंडाला पदर लावलात. मग साहेब हसायचे थांबले. "तेव्हा तुम्ही खोटं सांगितलंत, तर आजचं खरं कशावरून? क्रशर नको म्हणून उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, माझ्याही रानात झरा आहे."  ते माणूस म्हणून वाईट नव्हते. "जागेवर जाऊ," ते म्हणाले. "तुम्ही बोट दाखवा, मी पंचनामा करतो, ठिपका हलवून घेतो. क्रशर थांबेल."

"बोट?" तुम्ही विचारलंत.

"मग काय आजी, त्याशिवाय कसं?"

तुम्ही नकाशाकडे पाहिलंत. "ठिपका हलवल्याव त्यो कुनाकुनाला दिसंल?"

"सगळ्यांना. त्यासाठीच तर आहे नकाशा."

"बोअरवाल्यालाबी?"

साहेबांनी होकाराची मान डोलावली. तुम्ही उठलात, पदर सावरलात आणि म्हणालात, "मंग ऱ्हाऊ द्या."

परतीच्या एसटीत मी तुमच्यावर चिडले. इतक्या वर्षांत तुमच्याशी मी आवाज चढवून बोलले नव्हते. म्हणाले, दोन्हीकडून मरणार असेल तर निदान एकीकडे दाद तरी मागता येते. लपवलेल्या गोष्टीसाठी कोण भांडणार? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मला वाटलं ऐकलंच नाहीत. गावाचा फाटा आला तेव्हा उतरता उतरता म्हणालात, "माज्या म्हागं तुला करायचं ते कर. माज्या देखत नको." आणि कंडक्टरला, "घंटी मार रं बाबा, म्हातारं मानूस उतारतंय."

ते तुमचं मला उद्देशून शेवटचं बोलणं. तुम्ही मला परवानगी दिलीत की शाप दिलात, हे मी तेव्हापासून ठरवते आहे. विचारायला हवं होतं. पुढच्या खेपेला विचारू, असं वाटलं.

आमचे हे गेले तेव्हा तुम्ही इथे येऊन राहिला होतात. सांत्वनाचा एक शब्द काढला नाहीत. रोज माझ्या चहात साखर जास्त घालायचात, एवढंच. भिंगारजवळ लष्कराच्या सरावाचे धमाके झाले, की खिडक्यांच्या काचा वाजायच्या आणि तुम्ही दचकायचात. "ह्यांला कोन थांबवाया न्हाई का?" विचारायचात. मी म्हणायची, सवय होते अक्का. तुम्ही म्हणायचात, "जिमिनीला व्हत न्हाई."

तुमच्या दहाव्याला ते वाक्य आठवलं. ओढ्याकाठी पिंड ठेवला, सगळे मागे सरले. बाभळीवर कावळे होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडाजवळ आला आणि डोंगरात सुरुंग उडाला. पायाखालची जमीन थरथरली, तांब्यातलं पाणी हललं. सगळे कावळे उठले आणि गेले. लोक हात जोडून एकेक वचन द्यायला लागले. नातवाचं लग्न करू, बैल विकणार नाही. मग तुमची सून, सुनंदा, पुढे झाली. "आत्या, झिऱ्याचं बघू आमी." ती असं म्हणाली आणि तेवढ्यात दुसरा सुरुंग झाला. कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण घरी येताना मी दोनदा मागे वळून त्या बाभळीकडे पाहिलं.

संध्याकाळी सुनंदाने मला विचारलं, "धाकल्या आत्या, आता बोट कोन दावनार?" गावातल्या सगळ्या बायका तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांतली एकही पुढे होईना. बोटाने झिरा आटला, तर तो त्या बाईच्या नावावर आटणार.

दुसऱ्या दिवशी मी एकटी कचेरीत गेले. साहेबांनी मला ओळखलं, तुमच्याबद्दल ऐकून वाईट वाटलं म्हणाले. सोमवार ठरला. मी त्यांना म्हटलं, ठिपका हलवाल तेव्हा त्याच्याशेजारी एवढं लिहा, की दोर लावू नये, नरोटीनेच भरावं, तान्ह्याचं घर पहिलं आणि ज्याचं रान त्याचा नंबर शेवटचा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, मी लिहिलं असतं," ते म्हणाले, "पण त्याला रकानाच नाही." जागा, खोली, पाण्याचा प्रकार, एवढे रकाने आहेत.

तर अक्का, सोमवारी मी बोट दाखवणार आहे. माझं बोट, माझं नाव. तुमच्या घरात मी परकी म्हणून आले आणि आता गावात राहतही नाही, तेव्हा दोष घ्यायलाही मीच बरी. आपल्या वादात मी जिंकले, असं मला वाटत नाही. क्रशर थांबेल, बहुतेक. आणि मग एक दिवस फाट्यावर बोअरची गाडी दिसेल, पुढे बसलेल्याच्या मांडीवर नवा नकाशा असेल. रान आपलं आहे, आपण नाही म्हणू शकतो. पण शेजारच्या बांधापलीकडचं रान आपलं नाही, आणि खालचं पाणी बांध पाळत नाही. हे तुम्ही मला शिकवलंत, म्हणून मला भीती वाटते. सुनंदा म्हणते, "दोर आला की आमी धोंड्यावर बसू." ती म्हणते तशी बसेल. किती वर्षं, ते मला माहीत नाही, आणि तिच्यानंतर कोण बसेल तेही.

तुम्ही माझं मनगट धरून नेलंत, त्यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आज मानते. सोमवारी तुमच्या देखत नसेल. पण चपला मी काढीन, आणि साहेबांनाही काढायला लावीन.

निखिल, आता तुझ्यासाठी. त्यांच्या नकाशात जागा असेल, नियम नसतील. तू नियम लिही, जागा लिहू नकोस. मोठ्या आजीचं नाव घाल, गावाचं घालू नकोस. वाचून कुणी विचारलंच, झिरा कुठे आहे, तर अदितीला पुढे कर. तिला कोपराने दाखवता येतं.

आज सकाळी सुनंदाने फाट्यावरच्या बूथवरून फोन केला होता. कालचा सुरुंग मोठा होता, म्हणून त्या दोघी-तिघी जाऊन धोंडा जरा सरकवून बघून आल्या. चांगल्या सालात तो हलवायचा नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण राहवलं नाही. पाणी थोडं गढूळ झालं आहे. नरोटी अजून बुडते.